भिंगरीचे फोटो

मी लिफ्ट दुरुस्त करतो. तीस वर्षं हेच काम. लोक अडकले की त्यांना माझी आठवण येते आणि बाहेर पडले की जाते. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

त्या दिवशी एका चार मजली जुन्या इमारतीत दरवाज्याचा रोलर बदलायला गेलो होतो. तळमजल्यावरचं फोटोचं दुकान कायमचं बंद होत होतं. दुकानदार राहायचे वर तिसऱ्या मजल्यावर. म्हातारे गृहस्थ, जाड भिंगांचा चष्मा, कोपरावर ठिगळ लावलेला स्वेटर. सामानाची खोकी वर न्यायची होती आणि लिफ्ट नेमकी बंद, म्हणून ते माझ्या डोक्याशी येऊन उभे राहिले.

"किती वेळ लागेल?"

"अर्धा तास."

"तुमचा अर्धा की घड्याळाचा?"

चाळीस मिनिटांत लिफ्ट सुरू झाली. खूश होऊन त्यांनी मला आत बोलावलं, चहा दिला, आणि एका फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "यातलं काही हवं असेल तर बघा. वर इतकं मावणार नाही."

फळीवर एक कॅमेरा होता. काळा आणि चंदेरी, हातात घेतल्यावर मोठ्या पान्याइतका जड. एका कडेचं कातडं उचकटलेलं.

"याचा उजेड मोजायचा काटा मेलाय," ते म्हणाले. "बाकी ठणठणीत. बॅटरी लागत नाही, सगळं हातानं. कोण घेणार आता? पण भिंग बघा. एक ओरखडा नाही भिंगावर."

भिंग म्हटल्यावर माझा हात थांबला. आमच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणायचो. एका जागी ठरायची नाही म्हणून. आठ वर्षांची असताना तीन दिवसांच्या तापात ती गेली. त्याला सहा वर्षं झाली होती. तेव्हापासून मी असा भलत्याच शब्दांना ठेचकाळतो. त्यांनी सांगितलेली किंमत एका वेळच्या बाहेरच्या जेवणापेक्षा कमी होती. मी मुकाट्यानं दिली आणि कॅमेरा हत्यारांच्या पिशवीत टाकला. वर एक रोलही त्यांनी तसाच दिला, आणि वहीच्या पानावर भिंगाच्या छिद्राचे आकडे लिहून दिले: कडक उन्हात सोळा, ढग असले तर आठ, सावलीत चार. "एवढं पाठ करा. काट्याची गरज नाही."

दुपारी दुसऱ्या इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशीनच्या खोलीत डबा खाल्ला आणि कॅमेरा बाहेर काढला. मी यंत्रातला माणूस. मला त्यात जीव दिसला. वरचा खटका अंगठ्यानं ओढला की आत दातेरी चाकं फिरल्याचं बोटाला कळायचं. छिद्र लहानमोठं करायची कडी एकेका आकड्यावर टिक करून थांबायची. आणि डोळा लावला की चौकटीच्या मधोमध एक छोटं वर्तुळ, आडवं कापलेलं. समोरच्या टाकीचा पाइप त्यात दोन तुकड्यांत दिसत होता, वरचा तुकडा इकडे, खालचा तिकडे. भिंगाची कडी फिरवत गेलं की तुकडे सरकत सरकत जवळ यायचे आणि एका क्षणी पाइप अख्खा व्हायचा. मी पाइप जुळवला, अँटेना जुळवली, कठड्यावरचा कावळा जुळवेपर्यंत कावळा उडाला. अर्धा तास कसा गेला कळलं नाही. खूप वर्षांनी मला एखादी गोष्ट उगाच करावीशी वाटली होती.

बायकोनं घरी पिशवीतून कॅमेरा डोकावताना बघितला.

"हे काय?"

"कॅमेरा. जुना आहे. स्वस्तात मिळाला."

"आपल्या घरात फोटो काढायचाय कुणाचा?"

"खिडकीचा काढीन."

"काढा," ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्या घरात त्या सहा वर्षांत बोलणं असं दोन-दोन शब्दांचं झालं होतं. भांडण नव्हतं. भांडायलाही काहीतरी सामाईक लागतं. ती एका ड्रायक्लीनिंगच्या दुकानात कपडे दुरुस्त करते. पँटची उंची कमी करणं, चेन बदलणं, कंबर सोडणं. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा तिची मान खाली. घरी आल्यावरही ती माणसांच्या चेहऱ्याकडे बघायची नाही, बघायची ती कॉलरकडे, बटणांकडे. भिंतीवर भिंगरीचा फोटो नव्हता. तो का नव्हता ते पुढे सांगतो, सांगायलाच हवं.

रविवारी मी रोल भरायला बसलो. फिल्मचं टोक चाकाच्या खाचेत जाईना. गेलं तर निसटायचं. मी चार वेळा करून बघितलं, पाचव्यांदा कॅमेऱ्याला शिवी दिली.

"द्या इकडे," ती म्हणाली. "बॉबिन भरण्यासारखं तर आहे."

तिनं टोक खाचेत सरकवलं, बोटानं ताण दिला, अर्धा वेढा फिरवून दातांवर भोकं बसलीत की नाही ते बघितलं आणि झाकण लावलं. तेवढ्यात झालं. मग तिनं सहज म्हणून डोळा लावला. बराच वेळ ती खिडकीच्या गजाकडे रोखून बघत राहिली, कडी हळूहळू फिरवत.

"जुळलं," ती म्हणाली.

त्यानंतर कॅमेरा माझा राहिला नाही. मी पंधरा दिवस कुरकुर केली, पण मनातून मला बरं वाटत होतं. ती कामाला चालत जायची, आता वीस मिनिटं लवकर निघायला लागली. म्हाताऱ्यांचं लिहिलेलं पान तिनं पर्समध्ये ठेवलं, पण आठवड्यात तिला ते लागेनासं झालं. खिडकीतून बाहेर बघून म्हणायची, "आज आठ." मी म्हणायचो, "अकरा असेल." ती म्हणायची, "तुम्ही लिफ्ट बघा." एक फोटो काढायला तिला दोन-दोन मिनिटं लागायची. उजेड बघायचा, कडी लावायची, अंतर जुळवायचं, श्वास धरायचा. छत्तीसच फोटो, म्हणून एकेक पुरवून वापरायचा. घाई करायची सोयच नव्हती त्यात.

पहिला रोल धुवायला मी म्हाताऱ्यांकडेच घेऊन गेलो. दुकान बंद झालं तरी वर घरात त्यांनी काळोखी खोली थाटली होती. छत्तिसातले अकरा फोटो आले. एक बाकडं, एक सायकल, दुकानातल्या कपड्यांची रांग, आणि एक मी, चहा पिताना, डोकं कापलेला. कप अगदी स्पष्ट, त्याच्यावरचा टवकासुद्धा.

"हा तुमचा सगळ्यात चांगला," ती म्हणाली आणि हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलेपर्यंत हसली. मीही हसलो. मग आम्ही दोघंही एकदम गप्प झालो, कुणीतरी आत झोपलेलं असावं तसे.

दुसऱ्या रोलमध्ये माणसं आली. भाजीवाली, पोस्टमन, तिच्या दुकानाच्या मालकीणबाई गल्ल्याशी जांभई देताना. तिसऱ्या रोलचं पाकीट मी म्हाताऱ्यांच्या दारातच उघडलं. त्यात एक मुलगी नऊ वेळा होती.

तेरा-चौदा वर्षांची असावी. शाळेचा गणवेश, उंच, उंची लपवायला थोडी वाकून उभी राहणारी. एक मोजा नेहमी खाली घसरलेला. बस थांब्यावर. कधी पुस्तकात डोकं घालून, कधी बुटाची नाडी बांधताना, एकदा कुणाशी तरी बोलत खळखळून हसताना. सगळे रस्त्याच्या पलीकडून काढलेले.

म्हातारे माझ्या खांद्यावरून बघत होते. "हात बसलाय बाईंचा," ते म्हणाले. मग जरा थांबून, "नातेवाईक का?"

"हो," मी म्हणालो.

मी हो का म्हणालो? मला सगळं कळलं होतं म्हणून. भिंगरी असती तर त्या वर्षी आठवीत असती. घरी जाऊन मी पाकीट तिच्या हातात दिलं, विचारलं काहीच नाही. ती हसते आहे, जेवते आहे, बोलते आहे, हे मोडायचं माझ्या जिवावर आलं. चौथा रोलही मी तसाच आणून दिला. त्यात ती मुलगी चौदा वेळा होती.

एका दुपारी मालकीणबाईंचा फोन आला. "असाल तसे या."

मी ग्रीसच्या हातांनी पोचलो. दुकानात एक बाई उभ्या होत्या, औषधाच्या दुकानातला पांढरा कोट अंगात, कामावरून उठून आलेल्या. बायको शिलाई मशीनशी बसली होती, पाय पायडलवर तसाच.

"तुम्ही यांचे मिस्टर?" त्या म्हणाल्या. "या माझ्या मुलीचे फोटो काढतात. तीन आठवडे झाले. मुलगी शाळेत जायला घाबरायला लागली आहे. आधी मला सांगितलंसुद्धा नाही तिनं. आज रडली तेव्हा कळलं, दुकानही तिनंच सांगितलं. मी पोलिसांत जाणार होते. पण आधी तोंड बघावं म्हटलं, कोण आहे ते."

"अहो, ऐका," मी म्हणालो. "त्याचं काय आहे, आमची मुलगी..."

"गप्प बसा!" बायको ओरडली. इतक्या मोठ्यानं तिला बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "तिला मध्ये आणू नका. तिचं नाव पुढे करून मला सुटायचं नाही."

मग ती उठली. मशीनचा खण उघडून तिनं फोटोंची पाकिटं काढली, निगेटिव्हसकट, आणि त्या बाईंसमोर ठेवली. कॅमेरा घेतला, झाकण उघडलं, आणि आतली फिल्म हात लांबवून वावभर ओढून काढली. ट्यूबलाइटच्या उजेडात ती फिल्म तिच्या हातातून लोंबत होती.

"यातही चार आहेत. आता गेले," ती म्हणाली. "माझं चुकलं. कारण काही नाही. पुन्हा होणार नाही."

त्या बाई फोटो बघत होत्या. एकेक उलटत होत्या, चेहरा दगडासारखा. हसणाऱ्या फोटोपाशी थोड्या थांबल्या. आपल्या मुलीला कुणी इतक्या लक्षानं बघितलेलं पाहून आईला काय वाटत असेल, मला सांगता येणार नाही. भीतीच वाटली असणार.

"तिच्याशी कधी बोललात?"

"नाही."

"बोलूही नका." सगळी पाकिटं कोटाच्या खिशात घालून त्या निघून गेल्या.

मालकीणबाई म्हणाल्या, "उद्यापासून ते डबडं दुकानात आणायचं नाही." आणि आत गेल्या. चांगल्या बाई आहेत, कामावरून काढलं नाही.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. दिवे लागायची वेळ झाली होती, पण दिवा लावायला कुणी उठलं नाही.

"घाबरली ती," बायको म्हणाली. "माझ्यामुळे एक मुलगी रडली."

"तुला तिला त्रास द्यायचा नव्हता."

"नव्हता. पण दिला." मग म्हणाली, "मला भिंगरीचा चेहरा आठवत नाही हो."

मी दाराच्या चौकटीशी येऊन टेकलो.

"दात आठवतात. कपाळ आठवतं. वेणी घालताना मान वाकडी करायची ते आठवतं. पण सगळं एकत्र आणायला गेलं की निसटतं. दोन वर्षं झाली. तुम्हाला सांगायची लाज वाटली. आईला आठवत नाही म्हणजे काय? त्या मुलीला बघितलं तेव्हा वाटलं, वाढलेली अशी दिसली असती. मागचा चेहरा हरवला तर निदान पुढचा तरी बघावा."

मग ती माझ्याकडे वळली आणि तिच्या आवाजात एकदम उत्साह आला. त्या उत्साहानंच माझं काळीज चिरलं.

"अहो, तो फोन! भिंगरीचे फोटो होते तो. बंद पडला म्हणून तुम्ही दुरुस्तीला दिला होता, तेव्हा नाही म्हणाले. पण आता सहा वर्षांत काहीतरी नवीन निघालं असेल ना? आतलं काढून देतात म्हणे. कुठे ठेवलाय तुम्ही?"

आता ते सांगतो. आम्ही कागदावर फोटो कधी काढले नाहीत. सगळं तिच्या एका फोनमध्ये होतं. भिंगरी गेल्यावर ती दिवसभर तो फोन घेऊन बसायची. चौदा सेकंदांची एक चित्रफीत होती, भिंगरी दोरीवरच्या उड्या मोजते ती. तीच पुन्हा पुन्हा. जेवायची नाही. अंघोळीला उठवावं लागायचं. एकदा तीच बघत रस्ता ओलांडताना ट्रकनं हातभर अंतरावर ब्रेक मारला. दुसऱ्या दिवशी मी फोन कामावर नेला. मशीनच्या खोलीचं दार लावलं आणि हातोडीनं तीन घाव घातले. तुकडे तीन वेगवेगळ्या कचरापेट्यांत टाकले. घरी येऊन सांगितलं, आपोआप बंद पडला, दुरुस्तीला दिलाय. महिन्यानं सांगितलं, होत नाही म्हणतात.

त्या संध्याकाळीही मला खोटं बोलता आलं असतं. बघतो, विचारतो, असं म्हणत आणखी वर्ष काढता आलं असतं. पण दुकानात ती म्हणाली होती, कारण काही नाही, माझं चुकलं. ते ऐकल्यावर माझी जीभ खोट्याला वळेना.

"फोन नाही," मी म्हणालो. "मी फोडला."

सगळं सांगितलं. हातोडीसुद्धा सांगितली.

"सगळे त्यातच होते," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"तुमच्याकडे एकही नाही?"

"नाही."

"मला विचारलं का नाही?"

"तू दिला नसतास."

"नसता दिला," ती म्हणाली. उठून तिनं दोन कप विसळले, उपडे घातले. सकाळी मी उठलो तेव्हा ती बॅग भरून दाराशी उभी होती. बहिणीकडे जाते म्हणाली. किती दिवस ते नाही म्हणाली.

अकरा दिवस मी एकटा होतो. त्याचं वर्णन करत नाही. ती मरेल या भीतीनं मी ते केलं, हे खरं आहे. पण तिच्याआधी मलाच ती चित्रफीत सहन होत नव्हती, हेही खरं आहे. तिच्या जिवाचं निमित्त करून मी माझी सुटका करून घेतली होती. हे मला त्या अकरा दिवसांत समजलं.

बाराव्या दिवशी ती आली. माझ्याकडे न बघता टेबलावर एक पाकीट ठेवलं. बहिणीकडे दोन फोटो सापडले होते. दोन्हींत भिंगरी सहा महिन्यांची, टोपरं घातलेली.

"हे कुठलंही बाळ असू शकतं," ती म्हणाली. "शाळेत जाऊ या."

शाळेत भिंगरीच्या वर्गबाई अजून होत्या. त्यांनी कपाटातून त्या वर्षीचा वर्गाचा फोटो शोधून काढला. बेचाळीस मुलं, चार रांगा. तिसऱ्या रांगेत डावीकडून पाचवी भिंगरी. चेहरा मुगाच्या दाण्याएवढा. फोटो शाळेचा, बाहेर देता येत नव्हता. बायकोनं पिशवीतून कॅमेरा काढला.

फोटो आम्ही खिडकीशी उभा केला. कॅमेरा अर्ध्या मीटरच्या आतलं जुळवू शकत नाही, त्याहून जवळ गेलं की ते दोन तुकडे एक होतच नाहीत. तिनं बाकावर कोपरं टेकली आणि जेवढं जाता येईल तेवढं जवळ जाऊन बारा फोटो काढले. प्रत्येक वेळी कडी पुन्हा फिरवून, पुन्हा जुळवून. मी फोटोची कड धरून उभा होतो. वर्गबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

म्हाताऱ्यांनी तो रोल आमच्यासमोर धुतला. मग यंत्राखाली ती एकच जागा धरून मोठी करत गेले. काळोख्या खोलीतल्या लाल उजेडात, औषधाच्या तबकात, कागदावर हळूहळू ती वर आली. दोन वेण्या, गळ्यातलं ओळखपत्र, बाहीची घडी. आणि चेहऱ्याच्या जागी एक उजळ पट्टा, एका बाजूला ओढला गेलेला.

म्हाताऱ्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितलं. "तुमचं काम अचूक आहे, बाई," ते हळू म्हणाले. "शेजारच्या मुलीच्या पापण्या मोजता येतील. ही हलली आहे. मूळ फोटोतच हलली आहे. त्याला आता कुणी काही करू शकत नाही."

"हलणारच," बायको म्हणाली.

ओला कागद तिनं चिमट्यानं दोरीला लावला आणि वाळेपर्यंत त्याच्यासमोर उभी राहिली.

तिनं मला माफ केलं असं मी म्हणणार नाही. तसं काही ती बोललेली नाही आणि मी विचारत नाही. कामाला ती आता मागच्या गल्लीनं जाते, दहा मिनिटं लांब पडतं, पण तो बस थांबा लागत नाही. रविवारी ती कॅमेरा घेऊन निघते तेव्हा मी बरोबर जातो. माणसांचे फोटो ती काढत नाही. भिंती, जिने, वाळत घातलेले कपडे. मी शेजारी उभा राहतो आणि उजेडाचा आकडा चुकीचा सांगतो.

परवा अशाच एका जिन्यात, डोळा कॅमेऱ्याला लावलेला असताना, ती एकदम म्हणाली, "तिच्या हनुवटीवर तीळ होता ना?"

"होता. उजवीकडे."

"डावीकडे."

"उजवीकडे गं. मी तिला त्या बाजूनं कडेवर घ्यायचो."

"म्हणजे तुम्हाला डावी बाजू दिसायची."

मी हात वाकवून, भिंगरीला कडेवर घेतल्यासारखा, जिन्यात उभा राहिलो. या हातावर घ्यायचो की त्या? दोन्हीकडे घेऊन बघितलं. तिनं कॅमेरा खाली घेतला आणि माझ्या रिकाम्या हाताकडे बघत राहिली. आम्ही दोघं बराच वेळ त्या तिळाबद्दल भांडलो, आवाज चढवून भांडलो, आणि कोण बरोबर ते ठरलं नाही.